भरल्या गाडीचं माप

आमच्या शेतातून एक वाट जाते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ती वाट आमची नाही, हे मात्र शेताला तार लावायला निघाले तेव्हा पहिल्यांदा नीट ध्यानात आलं.

धरणगावापासून थोडं आत आमचं गाव, आणि गावापासून चालत दहा मिनिटांवर ते शेत. मी एकुलती एक, त्यामुळे वडील गेल्यावर ते माझ्या नावावर झालं. आमच्या शेताच्या मागे आणखी एक तुकडा आहे, तीन एकरांचा. त्याच्या दोन बाजूंना खोल नाला, तिसरीकडे दुसऱ्यांचं बागायत आणि चौथीकडे आम्ही. त्या तुकड्यात बैलगाडी न्यायची तर आमच्याच शेतातून न्यावी लागते, दुसरा मार्ग नाही. कागदावर याची एक ओळ सापडायची नाही. सातबाऱ्यावर नाही, नकाशात नाही. पण माझ्या आजोबांच्याही आधीपासून ती गाडी तशीच जाते आहे, आणि कायद्यात याला वहिवाट म्हणतात. वडील कायद्याचं काही बोलत नसत. नांगर हाकताना त्या वाटेशी आले की नांगर उचलून धरायचे, वाट ओलांडायचे आणि पलीकडे पुन्हा टेकवायचे. मी बांधावर बसून हे कितीदा पाहिलं असेल, पण का करतात म्हणून कधी विचारलं नाही.

त्या मागच्या तुकड्याचे मालक आबा. माझ्या वडिलांहून चार-पाच वर्षांनी लहान, म्हणजे आता पंचाहत्तरीच्या पुढचे. घरात ते आणि त्यांची बायको, अक्का, एवढीच दोन माणसं. मुलगा सुरतेला असतो. गावात दारोदार ट्रॅक्टर झाले तरी आबांनी बैलजोडी विकली नाही. बैल असेतो आपण म्हातारे नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

मी जळगावच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, मी लिंबाची बाग लावायचं डोक्यात घेतलं. आमचे हे म्हणाले, "तुला घरातली तुळस जगवता येत नाही." मी जाऊन रोपं सांगून आले. पण रोपं लावायची म्हणजे आधी रानडुकरांचा बंदोबस्त हवा. नाल्यात त्यांचा तळच आहे. एका रात्रीत मक्याचं वावर असं करून ठेवतात की जणू कुणी रागानं नांगरलंय. तेव्हा तार. सिमेंटचे खांब, काटेरी तारेचे पाच पदर, चहूबाजूंनी.

"आणि आबांची गाडी?" यांनी विचारलं.

"गेट ठेवणार. मी काय कुणाची वाट अडवणारी वाटले?"

"तसं नाही. वहिवाट आहे ती, नीट विचारून कर."

विचारून कर, हे शब्द मला आयुष्यात कधी मानवले नाहीत. पस्तीस वर्षं मीच विचारत होते आणि पोरं उत्तरं देत होती. पण या वेळी मी खरंच विचारायला गेले. आबांच्या अंगणात गाडी धुरा टेकवून उभी होती. मी पर्समधून टेप काढला. तार लावणारा माणूस नशिराबादचा, त्यानं गेटचं माप मागितलं होतं, आणि अंदाजे काही करणं माझ्या स्वभावात नाही. एका चाकाच्या बाहेरच्या तुंब्यापासून, म्हणजे मधल्या गोळ्यापासून, दुसऱ्या चाकाच्या तुंब्यापर्यंत मोजायचं होतं. टेप सारखा निसटत होता, तेव्हा आबा उठले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. साडेपाच फूट. मी मनातल्या मनात दोन्हीकडे सव्वा-सव्वा फूट जास्त धरला आणि जाहीर केलं, "आठ फुटी गेट लावते आबा. आरामात जाईल गाडी."

आबांनी टेपचं टोक सोडलं. ते सळकन माझ्याकडे आलं. मग ते म्हणाले, "लाव माय. तुनं वावर शे."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी आबांकडे पाहिलं, आबांनी बैलांकडे पाहिलं. मला त्यात काही दिसलं नाही. मी चहा घेतला आणि खुशीत जळगावला परतले. बांधावरून पिढ्यान् पिढ्या डोकी फुटतात आणि मी एका टेपवर काम मिटवलं, असं मी दोन-तीन मैत्रिणींना फोन करून सांगितलंसुद्धा.

कापूस निघाला तशी तार लागली. मागे आबांच्या बांधावर लोखंडी गेटची गरज नव्हती. तिथे काट्यांचं मोठं झापं ठेवलं, ते बाजूला ओढलं की चांगली ऐसपैस जागा मोकळी होते. पुढे रस्त्याला मात्र गेट, हिरव्या रंगाचं, आठ फुटी. कुलूप लावलं नाही, नुसती कडी. ते गेट मला फार आवडायचं. येता-जाता मी त्याला हात लावून बघत असे.

पण तार लागल्यावर आबा गप्प झाले. तसे ते बोलके कधीच नव्हते, तरी रस्त्यात भेटले की "कव्हय उनी, माय?", कधी आलीस, एवढं तरी व्हायचं. आता नुसती मान हलवायचे आणि पुढे जायचे. शाळेत असताना माझा एक ठाम नियम होता. वर्गात दंगा करणाऱ्या पोराकडे एकदा बघावं, गप्प बसलेल्याकडे दोनदा. आबांच्या गप्प बसण्याचा मी माझ्या त्या नियमानं अर्थ लावायला लागले, आणि तिथून माझी झोप उडाली.

फेब्रुवारीत सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी धरणगावला तहसील कचेरीत गेले होते. ओसरीवर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांच्यातल्या एकासमोर आबा बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून एकेक कागद काढून ते त्याच्यापुढे ठेवत होते. मी खांबाआड झाले. बावन्न पोरांच्या वर्गासमोर कधी न डगमगलेली बाई एका म्हाताऱ्याला बघून खांबाआड लपली, हे आता लिहितानाही मला लाजल्यासारखं होतं. रस्ता अडवला म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो हे मला माहीत होतं. गावात अशा दोन केशी मी ऐकलेल्या. एक सुरू झाली तेव्हा मी कॉलेजात होते आणि तिचा निकाल लागला तेव्हा मूळ दोघंही भांडणारे वारलेले होते.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, "झालं. तुझं गेट आता कोर्टात उभं राहणार."

चेष्टेत म्हणाले, पण मला ते खरंच वाटलं. मी फाइल करायला घेतली. गेटचे चार बाजूंनी फोटो. गेट आणि बैलगाडी यांची मापं लिहिलेला, पट्टी-पेन्सिलनं काढलेला नकाशा. ओळखीच्या एका वकिलांना फोन केला. ते म्हणाले, वहिवाट मान्य आहे ना, मग वाट अडवलेली नाही एवढंच दाखवायचं, गाडी जाते ना? मी म्हटलं, जाते, मी स्वतः मोजली आहे. मग काळजी नको, ते म्हणाले. पण काळजी नको म्हटल्यानं ती कधी गेली आहे? दारात टपालवाला थांबला की नोटीस आली का ते बघायला मी धावत असे. शेतावर जायचं मी टाळू लागले. आबा समोर आले तर काय बोलायचं ते मी आरशापुढे उभी राहून ठरवत असे, आणि प्रत्येक वेळी माझं बोलणं जास्तच तडफदार होत होतं. त्या दिवसांत मी आबांवर किती चिडले होते ते त्यांना कधी कळलं नाही हे बरंच झालं.

मार्च संपता संपता आभाळ भरून आलं. अवकाळी येणार म्हणून मोबाइलवर सारखे निरोप येत होते. लिंबाची रोपं नुकतीच लावलेली, त्यांच्या आळ्यांत पाणी साचलं तर मुळं कुजतात. नाही म्हणता म्हणता आम्ही दोघं सकाळीच गाडी काढून निघालो. शेताजवळ पोहोचलो आणि यांनी ब्रेक दाबला.

गेटच्या आतल्या बाजूला दादरच्या कडब्याचा ढीग पडला होता. गेटच्या बाहेर, रस्त्यावर, आबांची गाडी अर्धी भरलेली उभी होती. बैल सोडून बाभळीला बांधलेले. आबा आतून एक पेंढी उचलत होते, खांद्यावर टाकून आठ फुटी गेटातून बाहेर येत होते आणि गाडीवर उभ्या असलेल्या अक्कांना वर देत होते. अक्का ती पेंढी गाडीवर आडवी रचत होत्या. आबा परत आत जात होते. दोघांचीही तोंडं घामानं आणि कुसळानं माखलेली.

ज्यांनी दादर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी. तिचं ताट माणसाच्या डोक्यावर जातं. असा कडबा गाडीत भरायचा तर पेंढ्या आडव्याच रचाव्या लागतात. उभ्या टाकल्या तर चार थरांत घसरतात. आडव्या रचल्या की त्या गाडीच्या दोन्ही अंगांनी बाहेर येतात, चाकांच्याही बाहेर, पार बाहेर. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी मी त्याच कडब्यावर बसून घरी येत असे आणि गल्लीत शिरलं की दोन्हीकडच्या भिंतींना ताटं खरखर घासत जायची. तो आवाज मला आजही ऐकू येतो. आणि तरीही मी टेप घेऊन गेले आणि रिकामी गाडी मोजली.

मी गाडीतून उतरले. गेटाच्या खांबांवर, तारेच्या काट्यांवर कडब्याचे तुकडे अडकलेले होते. पहिली खेप तशीच काढायचा प्रयत्न केलेला दिसत होता. ती अडली, म्हणून मग हा मार्ग. मागून गाडी भरून गेटपर्यंत आणायची, सगळी खाली उतरवायची, रिकामी गाडी बाहेर काढायची आणि पुन्हा भरायची. एक खेप दोनदा भरायची. पंचाहत्तरीच्या माणसानं.

आबांनी मला पाहिलं, पेंढी खाली ठेवली आणि ओळखीचं हसले. जणू अंगणात आले होते मी. "ये माय. जावाई बी उनात का?" आणि यांच्यासाठी बसायला जागा शोधू लागले. शेतात, रस्त्यावर, पाऊस डोक्यावर आलेला असताना.

आरशापुढे ठरवलेलं सगळं भाषण एका क्षणात निरुपयोगी झालं होतं. मी अक्कांच्या गाडीजवळ गेले आणि खालच्या आवाजात विचारलं, "अक्का, आबांनी केस केली आहे का?"

"कसानी केस?"

"रस्त्याची. मी त्यांना तहसील कचेरीत पाहिलं होतं."

अक्का कडब्यावर उभ्या राहून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "हयातना दाखला देवाले गया व्हतात त्या. जित्ता शे म्हनीसन लिखी देनं पडस ना वरीसले."

आपण जिवंत आहोत एवढं लिहून द्यायला आबा त्या ओसरीवर बसले होते, आणि मी खांबाआड उभी राहून माझ्यावरचा खटला चालवत होते. माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी मला सुटल्यासारखंच वाटलं. कोर्ट नाही, तारीख नाही, वकील नाही. हातपाय एकदम हलके झाले. लाज त्याच्यानंतर आली, पण आली तेव्हा दणक्यानं आली.

"मग मला सांगितलं का नाही? मी टेप घेऊन आले होते तेव्हाच सांगायचं ना, की गेट पुरणार नाही."

अक्कांनी आबांकडे एकवार पाहिलं. ते बैलांना पाणी दाखवत होते. मग त्या म्हणाल्या, "मी सांगं त्यासले, सांगा ना तिले. त्या म्हने, गावनी अंडेर शे. तिना बाप राहता तं दोन शब्द बोलतू. अंडेरसंगे कोनी भांडस का? वरीसमा चार डाव येस, तिनं मन काब्र मोडानं?"

अंडेर म्हणजे लेक. आमच्याकडे गावची मुलगी सगळ्या गावाची लेक असते, तिचा नवरा सगळ्या गावाचा जावई. ती म्हातारी झाली तरी यात फरक पडत नाही. ती येते, चार दिवस राहते आणि जाते, तेव्हा जाताना तिचं तोंड उतरलेलं असू नये एवढं सगळे पाहतात. भावाशी भांडतील, भावाच्या मुलाशी भांडतील, वाट अडवली म्हणून कुऱ्हाडी काढतील, पण लेकीला कुणी वाकडं बोलणार नाही. हे किती छान आहे असं मी स्वतःच वर्गात मुलींना सांगितलेलं आहे. त्या दिवशी त्या छान गोष्टीची किंमत समोर ढिगानं पडलेली दिसत होती, आणि आबा ती एकेक पेंढीनं उचलत होते.

मला राग आला. आधी स्वतःचा, आणि मग, खरं सांगायचं तर, आबांचाही. माझ्या नावावर शेत आहे, मी त्यात बाग लावते आहे, तार लावते आहे, आणि आबांच्या लेखी मी अजून दिवाळी-अखाजीला आलेली पाहुणी! वडील असते तर आबांनी त्यांना गेट लावू दिलं असतं का? त्या अंगणातच टेप हिसकावून घेतला असता. माझी अहिराणी शहरात राहून गंजली आहे, पण राग आला की ती आपोआप तोंडात येते.

"पाहुनी नही शे मी, आबा!" मी जवळजवळ ओरडलेच.

बैलांनीही मान वर केली. आभाळात गडगडलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

"अजून किती आहे मागे?" यांनी विचारलं.

निम्म्याहून जास्त कडबा मागे वावरातच होता. वर्षभराची बैलांची वैरण ती. भिजली तर काळी पडते, बुरशी लागते आणि मग बैल तिला तोंड लावत नाहीत. वैरण नाही तर बैल नाहीत, आणि बैल गेले की आबा म्हातारे होणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी नशिराबादच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, परवा येतो." परवापर्यंत आभाळ थांबणार नव्हतं. मी गेटकडे पाहिलं, मग शेजारच्या खांबांकडे पाहिलं, आणि माझं गणित पहिल्यांदा काही कामाला आलं. खांब दहा-दहा फुटांवर रोवलेले होते. म्हणजे जिथे गेट नव्हतं तिथे जागा गेटपेक्षा जास्त होती.

"डिकीत पक्कड आहे ना?" मी विचारलं.

"आहे. पण तू काय..."

"आणा."

गेटाच्या लगतच्या दोन खांबांमधली तार मी सोडायला घेतली. पाचही पदर. आबा धावत आले, "ऱ्हाऊ दे माय, ऱ्हाऊ दे, नवी तार शे!" मी ऐकलं नाही. तार ताणून बांधलेली होती, सुटली की सापासारखी उसळायची. दुसऱ्या पदराला तळहात फाटला. यांनी रुमाल बांधला आणि एक शब्दही चेष्टेचा काढला नाही, यावरून परिस्थितीचा अंदाज यावा. तिसरा पदर आबांनी माझ्या हातातून पक्कड घेऊन स्वतः सोडला. तेव्हा मला जरा बरं वाटलं.

त्या जागेतून जायचं तर गाडी माझ्या लिंबांच्या पहिल्या ओळीवरून जाणार होती. आबा अडले. बैलांचा कासरा हातात धरून उभे राहिले. लेकीनं लावलेलं रोप तुडवायचं कसं, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेला होता. मी पुढे झाले आणि मधली दोन रोपं माझ्या हातानं उपटून बांधावर ठेवली. "चला," म्हटलं.

मग काम सुरू झालं. मागून गाडी भरून यायची, खांबांना दोन्हीकडून घासत, खरखर आवाज करत बाहेर पडायची आणि थेट घराकडे जायची. तोच आवाज, गल्लीतल्या भिंतींचा. ढीग पडलेला कडबा आम्ही तिघांनी भरला, अक्का वरून रचत होत्या. आमचे हे आयुष्यभर बँकेत खुर्चीत बसलेले, दहाव्या पेंढीला कमरेवर हात ठेवून उभे राहिले. अक्का वरून म्हणाल्या, "जावाईले बसू द्या," आणि मी म्हटलं, "जावयाला अजिबात बसू देऊ नका." आबा हसले. तारेनंतर ते माझ्यासमोर पहिल्यांदा मोकळे हसले होते.

शेवटची खेप गावात शिरली आणि थेंब पडायला लागले. आबांनी गाडी सरळ गोठ्याच्या पत्र्याखाली घेतली. मोठाले, मातीत खड्डा पाडणारे थेंब होते ते, आणि मग गाराही आल्या. आम्ही चौघं ओट्यावर उभे राहून बघत होतो. कडबा कोरडा होता. अंगाला कुसळ टोचत होतं, तळहात ठणकत होता आणि मी इतकी सुखात होते की मला चहाची आठवणसुद्धा झाली नाही. कित्येक आठवड्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

घरी आल्यावर ती फाइल काढली. गेटचे फोटो, नकाशा, मापं. नकाशा फार सुबक होता. मी तो फाडला नाही, आठवण म्हणून ठेवला आहे. त्यावर लाल पेननं फक्त एक खूण केली, पोरांच्या वहीवर करायची तशी, चुकीची.

नशिराबादचा माणूस आला. त्याला म्हटलं, बारा फुटी गेट, दोन पल्ल्यांचं. तो म्हणाला, "बाई, आधी सांगितलं असतं तर." मी म्हटलं, "आधी कळलं असतं तर." गेट तयार व्हायला, खांब नव्यानं रोवायला वेळ गेला, तोवर त्या मोकळ्या जागेत मी काट्यांचं झापं लावून ठेवलं. डुकरं एकदा येऊन गेली, चार-पाच रोपं गेली. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

नवं गेट बसलं तेव्हा अखाजी दोन दिवसांवर आली होती. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडचा लेकींचा सण. गावातलं आमचं घर बंद असतं, तेव्हा अक्कांनी आधीच बजावून ठेवलं होतं की खापरावरची पुरणपोळी आणि आमरस त्यांच्याकडे. मी आदल्या दिवशीच गेले. आबा त्या दिवशी पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची, गाडी भरून आणणार होते. कडब्याइतकीच रुंद गाडी होते ती. मला ती नव्या गेटातून जाताना डोळ्यांनी बघायची होती. गेटाजवळ मी उभी राहिले, दोन्ही पल्ले नीट बंद करून. गाडी आली की मीच ते उघडणार होते, थोडं समारंभासारखं. हो, एवढी हौस आहे मला.

गाडी मागून आली. पऱ्हाट्या दोन्ही अंगांनी बाहेर झुकलेल्या. बैल गेटाशी येऊन थांबले, त्यांची तोंडं पल्ल्यांपासून हातभर अंतरावर. मी कडी काढली, पल्ला ओढला, आणि तो बैलाच्या नाकावर जाऊन आदळला. पल्ले आतल्या बाजूला उघडत होते. बैल बिचकला, मागे रेटला, गाडी करकरली, वरच्या पऱ्हाट्यांतल्या दहा-वीस खाली आल्या. मी पल्ला धरून तशीच उभी राहिले. पल्ला उघडायचा तर गाडी मागे घ्यायला हवी होती.

आबा गाडीवरून खाली उतरले. बैलाच्या नाकावरून हात फिरवला. मग गेटकडे पाहिलं, बिजागरांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता पुन्हा "ऱ्हाऊ दे माय" येणार.

"हाई काय करं वं?" आबांचा आवाज एकदम चढला. एवढा मोठा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. "गेट आतमा उघडस? भरेल गाडी मांगे सरकस का कधी? बठ्ठी शाळा शिकाडी तू, नि एवढं समजनं नही तुले? तुना बापनी जन्मभर हाई वाट सांभाळी, नि तू?"

बांधावरून जाणारा एकजण थांबून बघू लागला. गावच्या लेकीला, तीही अखाजीच्या तोंडावर, भर रस्त्यात कुणी असं बोलतं का, असा चेहरा त्याचा झाला होता. वडील गेल्यापासून मला कुणी असं रागावलं नव्हतं. नवरा टोमणे मारतो, ते वेगळं. मुलं समजावतात, तेही वेगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मला हसू दाबता येईना.

"देखी काय राहिनी?" आबा ओरडले. "धर तो पल्ला!"

मी धरला. आबांनी दुसऱ्या टोकाला खांदा लावला, आणि आम्ही दोघांनी मिळून तो बिजागरांतून वर उचलला.